उखळाचं टोक

आमच्या क्लबाचं मैदान वर्षाचा बराचसा काळ पाण्याखाली असायचं. दिवाळीत त्याच्यावरून होडी जायची, संक्रांतीला मासे धरणाऱ्यांची जाळी पडायची, आणि वैशाखाचं ऊन तापलं की कुठे ते बिचारं हळूहळू वर यायचं. इतर गावांतली पोरं मैदान झाडून काढतात, आम्ही त्याची वाट बघायचो. धरणात गाव गेलं तेव्हा आम्ही शाळकरी होतो. घरांची कौलं वरच्या माळावर आणता आली, वासे आणता आले, मारुतीसुद्धा ट्रॅक्टरमध्ये बसून आला. मैदान काही उचलता येईना. तेवढं खालीच राहिलं, आणि आम्ही दर उन्हाळ्यात त्याच्याकडे जात राहिलो.

गेल्या आठवड्यात नामदेवच्या बायकोचा फोन आला. नामदेव म्हणजे आमचा कॅप्टन, क्लबाचा खरा वेगवान गोलंदाज, आणि माझा लहानपणापासूनचा मित्र. गेल्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. भोसरीच्या फ्लॅटमध्ये तो खिडकीशी पडून असतो, उजवा हात मांडीवर ठेवून. "भावजी, ह्यांना तुमच्याशी बोलायचंय," वहिनी म्हणाल्या. मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"पानी... उतारलं का?"

मला ठाऊक नव्हतं. मी मंचरला राहतो, आणि तिकडे जाऊन किती उन्हाळे झाले ते आठवायला नको वाटतं.

"जाऊन ये. उखळापशी हुभा ऱ्हा. आन मला... येक वव्हर... बोल."

दुसऱ्या कुणाला या बोलण्याचा अर्थ लागला नसता. मी क्लबाचा समालोचक होतो. बॅटशी माझं कधी जमलं नाही आणि चेंडूने मला कधी जवळ केलं नाही, पण गळा चांगला होता. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालणारा भोंगा बाभळीला टांगला की मी सुरू व्हायचो ते सूर्य डोंगराआड जाईपर्यंत. मला खेळायची हौस नव्हती असं मात्र नाही. दर वर्षी मी नामदेवला म्हणायचो, एखादी ओव्हर मलाही दे. तो हसून पाठीवर थाप मारायचा. "आरं राव, तू खेळलास तर बोलनार कोन?" मग मी भोंग्याकडे वळायचो. सगळ्यांची नावं मी त्या भोंग्यातून पुकारली. माझं नाव त्या मैदानावर कधी पुकारलं गेलं नाही.

पुढे त्याच गळ्यावर एसटी स्टँडवर गाड्या पुकारायची नोकरी लागली. आता तिथे रेकॉर्ड केलेला एका बाईचा आवाज असतो, फार गोड आणि कधीही न दमणारा. मी निवृत्त झालो. बायको गेली. मुलगी हैदराबादला असते, रविवारी फोन करते. एरवी दिवस दिवस मला तोंड उघडायची वेळ येत नाही, आणि संध्याकाळी दूधवाल्याशी बोलताना स्वतःचाच आवाज घोगरा लागतो. मी एकटा पडलोय, हे सांगायला मला लाज वाटत नाही. त्यामुळे नामदेवने सांगितलेलं काम मी त्याच्यासाठी केलं की माझ्यासाठी, हे मला नीट सांगता येणार नाही.

जुन्नरहून मढकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. लेण्याद्रीचा डोंगर मागे पडला. मधल्या जागेत टोमॅटोचे रिकामे क्रेट रचलेले होते आणि प्रत्येक वळणाला ते माझ्या गुडघ्यावर रेलत होते. मी जुन्या गावाच्या फाट्याचं तिकीट मागितलं. कंडक्टर तरुण होता. "तिथं काय हाय, बाबा?" त्याने विचारलं. "मैदान," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या थांब्याचं तिकीट फाडलं.

फाट्यावरून खाली उतरताना वास आधी आला. उतरत्या धरणाला एक वास असतो, वाळत्या गाळाचा, शेवाळाचा, उन्हात उघड्या पडलेल्या शिंपल्यांचा. परक्या संघांची पोरं नाकाला रुमाल लावून यायची. आम्हाला मात्र तो वास आला की पायात वारं भरायचं. फाल्गुनापासूनच आम्ही वरच्या माळावरून टेहळणी करत असू. आधी चिंच दिसायची. गाव बुडायच्या आधी तोडलेल्या मोठ्या चिंचेचा तो बुंधा होता, पाण्यातून वर आलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. मग देवळाचं जोतं. मग गल्ल्यांच्या कडेचे दगड, भिंतींच्या रेघा, आणि शेवटी सगळं गाव, फक्त उंची नसलेलं. "चिंच दिसली का?" हा आमच्याकडे त्या दिवसांतला रामराम होता.

पाणी मागे सरलं की गाळाला भेगा पडायच्या. त्या बुजवायच्या, वर पाणी शिंपायचं, डांबराचं जुनं पिंप पाण्याने भरून त्यावरून लोळवायचं, मग शेणाने सारवायचं. खेळपट्टी सारवणारा आमचा एकमेव संघ असावा. ओलं शेण, ओला गाळ आणि उन्हाने तापलेलं डांबराचं पिंप, या तिन्हींचा मिळून जो वास येई तो मला आजही झोपेत येतो. संघाचं नाव बुडीत इलेव्हन. आमची जमीन ज्या यादीत होती तिला सरकारी भाषेत बुडीत क्षेत्र म्हणत. दुसऱ्या गावची पोरं आम्हाला त्यावरून चिडवायची, म्हणून नामदेवने तेच नाव शर्टांवर छापून घेतलं. छापणाऱ्याने पुन्हा पुन्हा विचारलं, नक्की हेच ना?

आता उखळाची गोष्ट. गाळ दर वर्षी निराळा बसे, त्यामुळे शाळेमागचं मूळ मैदान नेमकं कुठे यावर दर उन्हाळ्यात भांडण व्हायचं. एका वर्षी भांडून भांडून सगळे दमले आणि अंदाजानेच खेळपट्टी केली. लोळवली, सारवली, वाळली. सामन्याच्या दिवशी यष्ट्या ठोकायला घेतल्या तर एका टोकाची मधली यष्टी काही केल्या आत जाईना. रघू आमचा दुसरा गोलंदाज, अंगाने आडवा. त्याने दगडाने हाणून यष्टीचं टोक बोथट केलं. शेवटी खुरप्याने उकरलं तर खाली दगडाचं गोल तोंड निघालं. उखळ होतं ते, जमिनीत पुरलेलं, गाळाने गच्च भरलेलं.

नामदेवची आई ठकूमावशी आमच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन आली होती. ती वाकली. तिने गाळ बोटांनी काढला, उखळाच्या काठावरून हात फिरवला, आणि एका जागी तिचा अंगठा थांबला. तिथे टवका उडालेला होता.

"आरं, ही तर माझी पडवी!"

ती उठली आणि सारवलेल्या खेळपट्टीवरून चालायला लागली, वाटेत काहीतरी ओलांडल्यासारखी पावलं टाकत. "हितं चूल व्हती. हितं दळान. ह्या कोपऱ्यात नाम्याचा पाळना." नामदेव हातात नवा चेंडू घेऊन पाळण्याच्या जागी उभा होता. आम्ही मैदान चुकलो होतो आणि थेट त्याच्या घरात खेळपट्टी घातली होती. मिलिंद आमचा यष्टिरक्षक, शहाणा मुलगा. तो मुकाट्याने यष्ट्या उपटायला लागला.

"आन त्या कशाला उपटता?" मावशी म्हणाली. "खेळा की. घरात पोरं खेळत्यात, त्यात काय येवढं?"

तेव्हापासून शाळेमागचं मैदान कुणी शोधलं नाही. दर वर्षी आम्ही आधी उखळ शोधायचो आणि तिथून खेळपट्टी आखायचो. मधली यष्टी उखळाच्या तोंडातच चिखल भरून उभी करायची. मी भोंग्यावरून त्याला उखळाचं टोक म्हणायला लागलो आणि पलीकडच्याला चिंचेचं टोक. उन्हाळ्यातला पहिला सामना असला की मावशी उखळ पदराने पुसायची, हळदकुंकू लावायची, आत मूठभर शेंगदाणे टाकायची. ते शेंगदाणे सगळ्यांनी खायचे, पाहुण्या संघानेसुद्धा. मग नामदेव पहिला चेंडू टाकायचा. मावशी तिथेच, पंचांच्या पायाशी, उखळाला हात टेकून बसायची. एकदा बाहेरच्या एका पंचाने हरकत घेतली तेव्हा मी भोंग्यावरून जाहीर केलं, "पंचांना विनंती आहे की बाई त्यांच्या स्वतःच्या घरात बसलेल्या आहेत, त्यांना उठवू नये." सगळा काठ हसला. मावशी हसली नाही. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

खेळपट्टी गावाच्या मधोमध आल्यामुळे आमचं क्षेत्ररक्षण एकमेकांच्या घरांत असायचं. सलामीचा भिवा हवेत उडणारे झेल घ्यायचा तो रघूच्या माजघरात. मिलिंदची वस्ती ओढ्याच्या पल्याड, गावाच्या अगदी टोकाला होती. तिकडे चेंडू गेला की मी म्हणायचो, थेट मिलिंदच्या दारात, चार धावा. धरणाने सगळ्यांना एका दिवशी उठवलं होतं, पण बसवलं वेगवेगळ्या ठिकाणी. त्या काही आठवड्यांत मात्र जो तो आपल्या जागी असायचा. चेंडू पाण्यात गेला तर षटकार, पण ज्याने मारला त्यानेच पोहून आणायचा, तोवर बाकीच्यांनी चहा प्यायचा. आणि अंधार पडायच्या आत खेळ संपवायचा, कारण काठच्या उसातून बिबट्या पाण्यावर यायचा, त्याला कुणाच्या धावा बाकी आहेत याच्याशी देणंघेणं नव्हतं.

नामदेवची धाव मला अजून जशीच्या तशी बोलून दाखवता येते. तो गोठ्यातून निघायचा. अंगण ओलांडायचा. उंबऱ्याच्या दगडावर डावा पाय, उखळाशेजारून उडी, आणि हात खांद्यावरून येताना त्याच्या तोंडातून हुंकार निघायचा तो भोंग्यातूनही ऐकू यायचा. माझ्या बोलण्यात ते सगळं यायचं, गोठा, अंगण, उंबरा. बाहेरून आलेल्यांना वाटे, ही क्रिकेटची भाषा असेल.

पेठच्या स्पर्धेची ढाल हे आमचं मोठं यश. अंतिम सामन्यात तिथल्या समालोचकाचा घसा बसला आणि माईक माझ्याकडे आला. शेवटचं षटक नामदेवचं होतं. माझं भान गेलं. हजारो लोकांसमोर मी ओरडलो, "आणि उखळाच्या टोकाकडून येतोय नामदेव!" कोणाला काही कळलं नाही, पण नामदेवने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्याच चेंडूवर मधली यष्टी उडाली. ढाल घेऊन आम्ही गावी आलो तेव्हा धरण काठोकाठ भरलेलं होतं. ठकूमावशीने ढाल दोन्ही हातांत धरली आणि ती पाण्याच्या कडेला गेली. ढालीचं तोंड पाण्याकडे करून ती बराच वेळ उभी राहिली. घराला दाखवत होती.

ती गेली तेव्हाही धरण भरलेलं होतं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात उखळाला हळदकुंकू कोणी लावायचं ते ठरेना, शेवटी नामदेवने लावलं, जरा जास्तच लावलं. मग माणसं पांगत गेली. रघूला बदली जमीन शिरूरकडे मिळाली. मिलिंद रेल्वेत लागून भुसावळला गेला. भिवा देवाघरी गेला. मोबाइलवर आमचा एक ग्रुप आहे, त्यात रोज सकाळी फुलं येतात. शेवटचा सामना कोणता झाला ते आम्हाला कुणालाच सांगता येत नाही, कारण तो शेवटचा आहे असं कुणी पुकारलं नाही. पुकारायचं काम माझं होतं.

तर परवा मी उतार उतरून खाली आलो आणि मैदान दिसेना. पाणी मागे हटलेलं होतं, देवळाचं जोतं वर आलेलं होतं, पण त्याच्यापुढे सगळीकडे हिरवं होतं. उघड्या पडलेल्या गाळात हल्ली पीक घेतात. काकडीचे वेल, पलीकडे बाजरी, मधून पाण्याचे पाइप, इंजिनाची धडधड. चिंचेचा बुंधा कधीच कुजून गेला असावा. देवळाच्या जोत्यावरून सरळ रेघ धरून मी चालायला लागलो, गोठा कुठे, अंगण कुठे, याचा अंदाज घेत. वेलींत पाय अडकत होते.

"काय हुडकताय, पावणं?"

काकड्या तोडणारी एक बाई उभी राहून माझ्याकडे बघत होती. बिचारीने आपुलकीनेच विचारलं, आमच्याकडे अनोळखी माणसाला असंच म्हणतात. पण ज्या जागी माझं बालपण गेलं तिथे मी पाहुणा झालो होतो, आणि ते मला फार लागलं. मी म्हणालो, इथे एक उखळ होतं, दगडी, जमिनीत पुरलेलं.

"त्ये व्हय? नांगराला आडवं यायचं. मालकांनी जेसीबीनं उपटून बांधावर टाकलं. त्ये बघा."

बांधावर ते आडवं पडलं होतं. जमिनीवर जेवढं दिसायचं त्याच्या कितीतरी पट ते मोठं होतं, खालचा भाग ओबडधोबड, कुणी न पाहिलेला. काठावरचा टवका तसाच होता. मी तिला विचारलं, ते नेमकं कुठे होतं? तिने हात लांब करून सगळ्या काकड्यांवरून फिरवला. "हितंच कुठंतरी. लई दिस झालं, आता कसं सांगू?"

मला राग आला. मग तो कुणावर काढायचा ते कळेना. ती तिच्या पोटापाण्याचं काम करत होती. आम्हीही एके काळी कुणाच्या घरावर पिंप लोळवलंच होतं. माझं तोंड बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तिने एक काकडी पदराला पुसून माझ्या हातात दिली. "उनाचं नका हिंडू. बसा जरा."

मी उखळावर बसलो. नामदेवला काय सांगायचं, हा प्रश्न काकडी खाण्याइतक्या वेळात सुटण्यासारखा नव्हता. शेवटी फोन लावला. वहिनींनी उचलला आणि त्याच्या कानाशी धरला.

"पोचलास?"

"पोचलो."

"उखळ?"

ते माझ्या बुडाखाली आडवं होतं. "हाय," मी म्हणालो. "जाग्यावर हाय."

"कोन कोन... आलंय?"

समोर वेलींवर ऊन पडलं होतं. बाई पाटी भरत होती. लांब पाण्याच्या कडेला एक टिटवी उगाचच ओरडत होती. मी आवाज चढवला, कारण असलं बोलायचं तर मोठ्यानेच बोलावं लागतं.

"समदे आल्यात. मिलिंद स्टंपामागं हाय. भिवा रघूच्या माजघरात हुभा हाय. रघू चिंचंपशी. मावशी बसल्यात उखळाला हात टेकून."

मग तो म्हणाला, "बोल."

मी बोललो. "उखळाच्या टोकाकडून गोलंदाजीसाठी सज्ज झाला आहे नामदेव. गोठ्यातून निघाला, अंगण ओलांडलं, उंबऱ्यावर पाय, आणि हा चेंडू! फलंदाज चकला, मिलिंदच्या हातात." असा एकेक चेंडू. एक मिलिंदच्या दारात गेला, चार धावा. एक भिवाने माजघरात सूर मारून अडवला. शेवटच्या चेंडूवर मी मधली यष्टी उडवली, ती पार चुलीच्या जागी जाऊन पडली. भोंगा नव्हता, पण मी भोंग्यावर बोलतो तसाच बोललो. बाईचा हात पाटीवर थांबला होता. "षटक संपलं," मी म्हणालो, आणि माझ्या लक्षात आलं की मी उभा आहे.

फोनमधून श्वास येत होता. तो रडत होता की त्याला धाप लागली होती ते मला ओळखता आलं नाही.

"फुडची... कोन टाकतंय?"

नियमाप्रमाणे पुढची ओव्हर दुसऱ्या टोकाकडून, आणि ती नेहमी रघूची असे. रघू म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण चिंचेच्या टोकाकडे लांबवर नुसतं पाणी चमकत होतं. तिकडे बघताना माझ्या तोंडून नाव निघेना.

"तू टाक," नामदेव म्हणाला.

"आन बोलनार कोन?"

मी सवयीने बोलून गेलो. त्याचंच वाक्य होतं ते, जन्मभर त्याने मला ऐकवलेलं. पलीकडे वहिनी काहीतरी म्हणाल्या, बहुतेक दमू नका असं. त्याने त्यांना थांबवलं असावं.

"मी," तो म्हणाला. "मी... बोलतो."

फोनचा आवाज मोठा करून मी तो उखळाच्या काठावर, टवक्यात टेकवून ठेवला. बांधावरचं एक ढेकूळ उचललं आणि पाण्याच्या दिशेने गेलो, ऐकू येईल इतकंच लांब. "चिंचंच्या... टोकाकडनं..." एकेक शब्द फुटून येत होता, मध्ये मोठी जागा सोडून. बाई पाटी खाली ठेवून वाटेतून बाजूला झाली. वेलींवर पाय पडू नये म्हणून सरीतून वाट काढत मी पळायला लागलो, तेव्हा फोन माझं नाव पुकारत होता.